हिंदीतलं ठीक

काकूंचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. त्या नसत्या तर मी उरले असते की नाही, देव जाणे.

ह्यांची बदली झाशीजवळच्या छावणीत, बबीन्याला झाली तेव्हा मुलगी पहिलीत होती. त्याच वर्षी माझी आई गेली आणि पाठोपाठ ह्यांना सीमेवर जावं लागलं. मग माझं काहीतरी बिनसलं. घास घशाखाली उतरेना, झोप लागेना. नुसती अंघोळ करायची म्हटलं तरी जिवावर यायचं. शेजारणी म्हणाल्या, इथलं ऊन बाधलं. सासूबाईंनी लिहिलं, चार दिवस माहेरी जाऊन ये. आईच नाही तिथे कसलं डोंबलाचं माहेर! तरी गेले, आणि तशीच परत आले. आळशी, आळशी म्हणून स्वतःलाच शिव्या घालत राहिले.

काकू झाशीच्या जुन्या मराठी घरातल्या. रोज बसने बबीन्याला येऊन मुलीच्या शाळेत शिकवायच्या. पोरगी तीन दिवस न विंचरता शाळेत आली, तशा त्या तडक घरी आल्या आणि मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

आम्हा फौजींच्या बायकांना एक खोड असते. परक्यापुढे रडगाणं गायचं नाही. त्यात माझी हिंदी भाजीवाल्यापुरती आणि साहेबांच्या बायकांशी गोड बोलण्यापुरती.

"नींद आती है?"

"जी."

"भूख?"

"जी, सब ठीक है."

डॉक्टर ताकदीचं औषध लिहायला लागले. काकूंचं डोकं फिरलं. "डॉक्टरसाहब, हिंदी में तो ये हमेशा ठीक रहती है," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "आता मला सांग बाई. मनात काय येतं?"

आईनंतर मला हे कुणी मराठीत विचारलंच नव्हतं. खोटं बोलता येईना. "मी नसले तर पोरीचं बरं होईल, असं वाटतं," म्हटलं आणि हमसाहमशी रडले.

काकूंनी ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलेला कागद बाजूला सारला. म्हणाले, हा आजार आहे, आळस नाही. आईच्या जाण्याने, एकटेपणाने होतो, कधीकधी घराण्यातूनही येतो. मला माझी मावशी आठवली. तिला 'बाहेरचं' झालंय म्हणून अंगारे लावले होते. बिचारी.

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. चमत्कार वगैरे काही नाही. दोन महिन्यांनी एका दुपारी मला चक्क भूक लागली. तोवर शाळा सुटली की काकू संध्याकाळच्या बसपर्यंत माझ्याकडे बसायच्या, वह्या तपासत. उपदेश एका शब्दाचा नाही.

गेल्या वर्षी लेकीचं बाळंतपण मी केलं. तीन आठवडे झाले तरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. सगळे म्हणाले, दमलीये पोर. मराठीत विचारलं तर म्हणाली, "बरी आहे गं." इकडे हिंदी मुलखातच वाढलेली ती. तिला मराठी कळते, पण भांडते, रडते ती हिंदीत. मी तिच्याजवळ बसले.

"मन में क्या आता है, बेटा?"

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मम्मी, इस बच्चे को मुझसे अच्छी माँ मिलनी चाहिए थी."

त्याच दुपारी मी तिला डॉक्टरांकडे नेलं.