साडूंची कॉफी होईपर्यंत

पाहुण्याला नुसती कॉफी विचारून त्याचा अख्खा दिवस खाणारा माणूस पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. घोरावाडी स्टेशनापासून पाच मिनिटांवर त्यांचं घर. तिथे ‘थोडी कॉफी घेणार?’ या प्रश्नाला ज्यांनी बेसावधपणे मान हलवली त्यांच्या लोकल चुकल्या आहेत, त्यांच्या बँका बंद झाल्या आहेत, आणि गॅसचं सिलिंडर द्यायला आलेल्या एका भल्या माणसाला शोधायला त्याचा मालक येऊन गेला आहे. मालकालाही कॉफी विचारली गेली, हे सांगायला नकोच. मी लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. नदीला डोंगर कोरायला किती काळ लागतो हे मी वर्गात न कंटाळता सांगतो. पण साडूंच्या स्वयंपाकघरात माझं लक्ष सारखं घड्याळाकडे जातं.

तीस वर्षं त्यांनी आंबीच्या एका कारखान्यात तयार माल तपासला. केसाइतका फरक निघाला की मालावर लाल ठिपका, की झाला रिजेक्ट. निवृत्तीनंतर ठिपका द्यायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मेव्हणीच्या पोळ्यांचा व्यास मोजून पाहिला. तो प्रयोग एका जेवणापुरताच टिकला. मग घरात कॉफी आली, आणि मेव्हणीने सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार लवकर टाकला, असं ती आता म्हणते. कारण कॉफीपाठोपाठ चिनी मातीचा एक शंकू आला, त्यात घालायचे पांढरे कागद आले, सोनाराकडे शोभेल असा काटा आला, थर्मामीटर आला आणि बगळ्यासारख्या मानेची एक किटली आली. बिया ते हाताने दळतात. त्याचे ऐंशी फेरे ठरलेले. मध्ये कोणी ‘काय म्हणता?’ असं विचारलं तर ते उत्तर देत नाहीत, पुन्हा एकपासून मोजायला लागतात. मग पंधरा ग्रॅम पूड शंकूत, तिच्यावर जरासं गरम पाणी, आणि ती फुगून वर येईपर्यंत अर्धा मिनिट पूर्ण शांतता. या अर्ध्या मिनिटात मी एकदा शिंकलो होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांची माफी मागितली. त्यानंतर बारीक धारेने गोल गोल ओतणं. एकेका कपाला चार मिनिटं. एवढं करून स्वतः फक्त दोन घोट घेणार, डोळे मिटणार आणि ‘पास’ म्हणणार.

मेव्हणीला या साहित्याबद्दल आदर नाही असं नाही, पण तिचा आदर उपयुक्त आहे. तो गाळायचा कागद भजी काढून ठेवायला किती चांगला, हे तिने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. एकदा ती बगळ्याच्या मानेची किटली सगळीकडे शोधून शोधून शेवटी तुळशीच्या कट्ट्यावर सापडली. “अहो, काय नाजूक धार पडते हिची! माती अजिबात उडत नाही,” मेव्हणी म्हणाली. साडू दोन दिवस बोलले नाहीत. पण किटलीची तारीफ खरी होती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी बोलले.

पाण्याचं प्रकरण मला जवळून माहीत आहे, कारण त्यात माझाही घाम गेला आहे. नळाच्या पाण्याने चव बिघडते, असा साडूंचा निष्कर्ष निघाला. मग ते स्कूटरला दोन कॅन बांधून भुशीच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या झऱ्यावर जायला लागले, आणि वाटेत माझं घर लागत असल्याने मीही. वाडीतली एक मावशी रोज झऱ्यावर भेटायची. तिने आधी चार खेपा बघून घेतलं आणि मग विचारलं, “भाऊ, तुमच्याकडं नळ न्हाई व्हय?”

“आहे ना मावशी. पण त्याला ही चव नाही.” असं म्हणून साडूंनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात तिला कॉफी दिली. मावशीने एक घोट घेतला. तिचा सगळा चेहरा नाकाभोवती गोळा झाला.

“कशावर हाय ह्ये औषीद?”

“औषध नाही, कॉफी आहे.”

“आन् तुमी बरं हाये?”

“हो, ठणठणीत.”

“मग कशापायी पिताय?”

साडूंनी झाकण विसळून थर्मासला लावलं. परतताना स्कूटर त्यांनी फार हळू चालवली.

त्यांची कॉफी मनापासून पिणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे माझी भाची, त्यांची एकुलती मुलगी. ती कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करायची. सकाळी खोलीचं दार लागायचं ते संध्याकाळी उघडायचं. स्वभावाने अबोल. मला ‘काका, कसे आहात?’ विचारून उत्तर ऐकायच्या आत ती खोलीत परतलेली असे. तिने आपलं आपण लग्न ठरवलं तेव्हा आम्ही सगळे चाट पडलो, कारण त्यासाठी ती कधीतरी कोणाशी तरी बोलली असणार. मुलगा लोणावळ्याचा, नोकरीला बंगळुरूला. मुलाचे वडील राजी होते. आईचं मात्र मन होईना. ‘मुलगी माणसांत मिसळत नाही म्हणे,’ असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं, आणि दुर्दैवाने बरोबर ऐकलं होतं. भाचीने आपल्या आईला सांगून टाकलं होतं की लग्न करीन तर याच्याशीच, पण त्याच्या आईला दुखवून नाही. म्हणजे सगळं त्या एका भेटीवर आलं.

भेटीच्या आदल्या दिवशी मेव्हणीने मला बाजूला घेतलं. “यांना गप्पांत गुंतवून ठेवा. मी पोहे देते आणि लगेच चहा टाकते. कॉफीचा विषय निघता कामा नये.” मी शब्द दिला. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या अशी चौघं आली, पोहे झाले. मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात साडू हात चोळत उभे राहिले. “चहा काय, सगळेच देतात. मी तुम्हाला कॉफी देतो.”

माणसं सात आणि शंकू एक. पहिला कप मुलाच्या आईपुढे आला. “घ्या, गरम आहे तोवर घ्या,” साडूंनी ओट्याकडून सांगितलं. त्यावर ती माउली म्हणाली, “येऊ द्या की सगळ्यांचं.” आता आपल्याकडे सगळ्यांच्या हातात कप आल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. साडूंनाही हे ठाऊक होतं, पण त्यांच्या गणितात ते धरलेलं नव्हतं. चार मिनिटांनी दुसरा कप आला, आठव्या मिनिटाला तिसरा. वाफ जाऊन पहिल्या कपावर साय धरेल असं वाटलं, पण त्यात दूधच नव्हतं. साडू दर कपाला “अहो, घ्या ना, गार होतेय!” म्हणत होते आणि आत्या दर वेळी “असू दे, असू दे” म्हणत होती. हवापाणी संपलं, महामार्गावरची गर्दी संपली, मला भूगोलाचे दोन धडे सांगून झाले. मेव्हणी माझ्याकडे बघत नव्हती, यावरून मी काय ते समजलो.

तेवढ्यात भाची उठली आणि ओट्याशी बापाजवळ जाऊन उभी राहिली. आता बैठकीच्या खोलीतून ओटा सरळ दिसतो. ती कप पुढे सरकवत होती आणि बोलत होती. “बाबा, धार जाड पडतेय.” “कुठे जाड?” “बघा ना. घाबरलात का तुम्ही?” “मी कशाला घाबरू? तुलाच बघायला आलेत.” मग ती हसली, अगदी मोठ्याने. मग तिने त्यांना कसली तरी बातमी सांगितली, त्यांनी ती खोडून काढली, तिने पुन्हा सांगितली. पाव तास या दोघांचं हेच चाललं होतं, आणि खोलीतली माणसं हळूहळू गप्प होऊन तिकडेच बघत होती. इतकं बोलताना मी तिला जन्मापासून पाहिलं नव्हतं.

सातवा कप आला तेव्हा सर्वांनी गार, कडू कॉफी एकदम तोंडाला लावली. “कोल्ड कॉफी छान झाली हो,” मुलाचे वडील म्हणाले. मुलाच्या आईने कप खाली ठेवला आणि मेव्हणीला म्हणाली, “बापाशी इतकं बोलणारी मुलगी आमच्याशी काय बोलणार नाही? आम्हाला पसंत आहे.”

लग्न झालं, भाची बंगळुरूला गेली. महिनाभराने मेव्हणीचा फोन आला. “एकदा येऊन जा. हे किटलीला हात लावत नाहीत. आता मी तुळशीला नेली तरी काही म्हणत नाहीत.” रविवारी मी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने कॉफी मागितली. साडू उठले. दळायला बसले तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “भाऊ, आता एखादं मशीन घ्या. बटण दाबलं की कॉफी.”

“होतं की मशीन,” ते म्हणाले. फेरे मोजत होते तरी बोलले, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. “तिनेच पहिल्यांदा आणलेलं. बटण दाबायची, कप घ्यायची आणि आत जाऊन दार लावायची. मी आपला बाहेर पेपर वाचत बसायचो. मग हे आणलं. याला चार मिनिटं लागतात, मास्तर. तेवढा वेळ तिला इथे उभं राहावंच लागायचं.”

साडूंनी पाणी ओतायला घेतलं, आणि धारेवरची नजर न काढता म्हणाले, “मग? तुमचं काय चाललंय?”

सव्वीस वर्षांच्या ओळखीत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी आधी गुडघ्याचं सांगितलं. मग शाळेचं. मग माझा मुलगा आठवड्यातून एकदा फोन करतो आणि तोही त्याच्या आईशीच बोलून ठेवतो, हे सांगायला लागलो. मी अर्ध्यावर आलो आणि पाणी संपलं. साडूंनी कप माझ्यापुढे ठेवला, काट्यावर पुन्हा पंधरा ग्रॅम बिया मोजल्या आणि म्हणाले, “तुम्ही बोला. मी अजून एक करतो.”