नाल्यापलीकडच्या गावातली बाज

गडचांदूरहून निघताना आईनं ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. वडील चुनखडीच्या खाणीत मजूर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. "लोकाच्या घरी चालला, कोणाले तरास नोको देजो," एवढंच ते म्हणाले. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

माझा वर्गमित्र सोमा याचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. एस.टी.तून उतरल्यावर पायवाट होती. श्रावणातलं जंगल इतकं दाट की सागाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, पण आभाळ दिसत नव्हतं. मधला नाला गुडघाभर होता. पावसाळ्यात तो कधी वाट देतो, कधी नाही, असं सोमा म्हणाला.

गावात मोहाच्या झाडाखाली काही माणसं बाजेला (दोरीनं विणलेल्या खाटेला) लांब बांबू बांधत होती. मी घाबरून विचारलं, "कोण आजारी आहे?"

"कोणी नाई," सोमाचे वडील दसरूभाऊ म्हणाले. "म्हणून तं आता बांधून राह्यलो. माणूस पडल्यावर बांबू तोडाले जाव का?"

मग गावातले सगळ्यात जाड लच्चूभाऊ बाजेवर निजले आणि चौघांनी त्यांना गावभर फिरवलं.

"कमी खात जाय रे!" खांदा देणारा ओरडला.

"बोलू नोको, झोप मोडते," लच्चूभाऊ वरून म्हणाले.

एक बांबू करकरला, तो लगेच बदलला. हे चौघं थकले की पुढचे चौघं कोण, हेही ठरलेलं होतं. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर प्रत्येक गाव आपल्या शिवेपर्यंत बाज नेतं, तिथून पुढचं गाव घेतं.

रोज सकाळी दसरूभाऊ दारोदार विचारत, "कोणाले काही होत हाय का?" संपलेलं मीठ, खोकला, आजारी बैल, लोक सगळं सांगत. तिसऱ्या सकाळी माझ्या अंगात कणकण होती. मी म्हणालो, "नाही, बरा आहे." सोमाच्या आईनं वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी वाढली, ती मी पोट भरलंय असं सांगून ठेवून दिली. चौथ्या दिवशीही गप्पच राहिलो.

पाचव्या सकाळी उठताच येईना. पावसानं नाला छातीच्या वर गेला होता.

दसरूभाऊंनी कपाळाला हात लावला. "कवापासून?"

"परवापासून."

"परवा नाला गुडघाभर होता, बापू." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. "काऊन सांगतलं नाई?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"परवा सांगतलं असतं तं सोमासंगं पायी गेला असता. आता आठ जण लागतीन, अन् धोका तुह्याच जिवाले."

सोमा लगेच निघायचं म्हणत होता. "नाल्यासंगं घाई नाई," ते म्हणाले. एक माणूस काठावर पाणी बघत बसला. सोमाची आई मला चमच्यानं जावा (तांदळाची पेज) भरवत राहिली. मी थरथरत होतो. घरी कुणाला काहीच ठाऊक नाही, आणि इथंच संपलो तर, हा विचार सुटत नव्हता.

दुपारी पाणी कमरेखाली आलं. नाल्यात त्यांनी बाज डोक्यावर घेतली. एकाचा पाय घसरला, बाज कलली; त्याच क्षणी दुसऱ्यानं तिच्याखाली आपलं डोकं लावलं. ढोल वाजवून पलीकडे आधीच कळवलं होतं, त्यामुळे शिवेवर पुढच्या गावची माणसं उभी होती. त्यांनी माझं नाव विचारलं, ते धानोऱ्याच्या दवाखान्यात मला खाली ठेवल्यावर.

ताप उतरायला पाच दिवस लागले. एस.टी.वर पोचवायला दसरूभाऊ आले होते. मी आभार मानायला लागलो. "पुढच्या येळेस पहिल्या दिवशी सांगजो," ते म्हणाले आणि वळले.

तयारी म्हणजे साठवण, असं मला वाटत असे. त्या गावाची सगळी तयारी माणसांच्या खऱ्या बोलण्यावर उभी होती. मी भिडेनं ती जवळजवळ मोडली. तरी त्यांनी मला खांद्यावर घेतलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. "बरा हायस नं?" तिनं विचारलं.

'हो' ओठांवर आलं होतं.

"नाई आई," मी म्हणालो. "चालताना अजून दम लागते."

तिनं सूप बाजूला सारलं आणि मला टेकायला भिंतीजवळ जागा केली.