झुंबर डॉट टेल

दहा वर्षं झुंबर डेकोरेटर्सचा फोन ज्योत्स्नाने उचलला. मखमलाबाद रोडवरच्या त्या दुकानात तिचे मोठे दीर खंडेराव मांडव आणि नवरदेवाच्या मोटारी सजवत. पण कोणत्या नवरीला शेवंतीचा वास सोसत नाही, कोणाला गाडीवर गुलाबच हवेत, हे ज्योत्स्नाला ठाऊक. गिऱ्हाईक फोनवर आधी "वहिनी आहेत का?" असंच विचारी. दुकानाला नाव सासूबाईंचं, झुंबरबाईंचं. नवी कार्डं छापायची निघाली तेव्हा ती म्हणाली, "दादा, खाली माझंही नाव घाला."

खंडेराव कारागिरांसमोर मान मागे टाकून हसले. "फोन उचलणारीचं नाव? मग पाणी भरणाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

ज्योत्स्ना आणि तिचा नवरा सुनील सिडकोत वेगळे राहायला गेले. तिने घरूनच फुलांची कामं घ्यायला सुरुवात केली, पण फोन नंबर दुकानातच राहिला. तिला विचारणाऱ्या प्रत्येकाला खंडेराव सांगत, "तिला फुलांची अ‍ॅलर्जी झाली हो. काम सोडलं तिनं." पुढे एका जुन्या गिऱ्हाइकीणबाईंनी भाजीबाजारात "आता अंगावरचं पुरळ गेलं का?" असं विचारलं, तेव्हा तिला हे कळलं. तिने शांतपणे मेथी निवडून घेतली. त्या दिवसापासून ती वाट पाहत होती.

२००९च्या फेब्रुवारीत एका साखरपुड्याच्या पंगतीत खंडेराव ऐसपैस सांगत होते. इंटरनेटवर डॉट टेल म्हणून नवीन निघतंय. वेबसाइट बांधायला नको, नुसतं नाव घ्यायचं आणि त्यात आपले फोन नंबर भरायचे. पुण्या-बंगळुरूची पोरं नेटवरूनच लग्नाची कामं ठरवतात, त्यांना आपण सापडणार. कार्डंसुद्धा छापून तयार होती: झुंबर डॉट टेल.

"नाव घेतलंत?" ज्योत्स्नाने जिलबी वाढता वाढता विचारलं.

"पाडव्याला घेणार. मुहूर्तावर. आपल्या आईचं नाव दुसरं कोण घेतंय?"

तिने त्यांना आणखी एक जिलबी वाढली.

इंजिनीअरिंगला असलेल्या तिच्या मुलीने, दिशाने, शोधून काढलं. डॉट टेल सगळ्यांसाठी पाडव्याच्या आधीच्या मंगळवारीच उघडणार होतं. पाडवा शुक्रवारी.

"अमावास्या तोंडावर आहे," सुनील म्हणाला. "आणि नाव आईचं."

"त्या माझ्याही सासूबाई होत्या. क्रेडिट कार्ड द्या तुमचं."

मंगळवारी झुंबर डॉट टेल ज्योत्स्नाचं झालं. दिशाने त्यात तिचा मोबाइल नंबर भरला.

शनिवारी खंडेराव सिडकोत आले. गावातल्या सगळ्या मंगल कार्यालयांत त्यांची कार्डं वाटून झाली होती.

"ज्योत्स्ना, घरातली गोष्ट घरात ठेवू. ते नाव मला दे."

"बसा दादा. चहा टाकते."

तेवढ्यात मोबाइल वाजला. झुंबर डॉट टेलवर नंबर पाहून बंगळुरूहून कोणी मुलगा बोलत होता. झुंबर डेकोरेटर्सच्या खंडेरावांचा नंबर हाच का? मेमध्ये बहिणीचं लग्न होतं.

ज्योत्स्नाने दिरांकडे सरळ पाहिलं. "ते होय? त्यांना फुलांची अ‍ॅलर्जी झाली हो. काम सोडलं त्यांनी. मी त्यांची भावजय. सांगा ना, बहिणीला कोणती फुलं आवडतात?"

खंडेराव चहा न घेताच उठले. दाराशी चपला घालताना त्यांना एक सापडेना.

दिशा मोठ्याने हसली. मान मागे टाकून, थेट आपल्या काकांसारखी. ते हसू ऐकून ज्योत्स्नाने तिच्याकडे वळून पाहिलं. मग फोन पुन्हा वाजला आणि तिने तो उचलला.