बर्फ न फोडणारा मिस्त्री

चिलरचे दार उघडले की मिस्त्री आधी आत नाक घालायचे, क्षणभर थांबायचे आणि "छ्या" म्हणायचे. आवाज चढवून नाही. बातम्यांत शेवटी हवामान सांगतात तसे. गोंदियातल्या आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या बारमध्ये पाठीमागे त्यांना छ्या मिस्त्रीच म्हणत. त्या एका अक्षराच्या लांबीवरून आतली घाण किती दिवसांची आहे ते कळते, असे वेटर सांगत. मी दोन उन्हाळे ऐकले. ते अक्षर कधी आखूड झाले नाही.

मिस्त्री दवनीवाड्याचे. रोज मोपेडवरून शहरात यायचे, मागे पत्र्याची पेटी बांधलेली. उमेदीची वर्षे बर्फाच्या कारखान्यात गेली होती. तो बंद पडल्यावर ते फ्रीज आणि चिलर दुरुस्त करू लागले. घर बौद्धांचे. वडिलांनी दीक्षेच्या वर्षी दारू सोडली होती आणि मुलाने ती कधी धरली नाही. तरी पोट बारवर चालले होते, आणि याची चेष्टा व्हायची. एक घोट घेऊन पाहा, चिलर बरोबर थंड करतो की नाही ते कळेल, असे एका वेटरने सुचवले तेव्हा मिस्त्रींनी वर न पाहता सांगितले, "त्याच्यासाठी थर्मामीटर आहे ना बाबू. तू कायले मले रोगी करून राहिला?"

माझी त्यांची ओळख मे महिन्यातली. माझ्या वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती बंद झाली होती आणि मी एका बारचा मॅनेजर झालो होतो. बारमध्ये बाटल्यांबरोबर नळाची बिअरही मिळायची. तिची स्टीलची पिंपे एका मोठ्या चिलरमध्ये उभी असत आणि तिथून नळी काउंटरपर्यंत येई. बाहेर अंग भाजून निघत होते, म्हणून मी चिलरचे बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवले. गोंदियात हे प्रत्येक नवा मॅनेजर करतो. तिसऱ्या दिवशी नळाला बिअर येईना. दार उघडले तर आतल्या थंड नळ्या, म्हणजे कॉइल, पांढऱ्या बर्फात गाडल्या गेल्या होत्या, पंखा अडकला होता आणि बिअरची नळी गोठून काठीसारखी झाली होती. वेटर पेचकस घेऊन बर्फ फोडत होता. मीच त्याला सांगितले होते.

मिस्त्री आले, त्यांनी वेटरच्या हातातला पेचकस काढून स्वतःच्या खिशात घातला. तो पेचकस बारला परत मिळाला नाही. मग त्यांनी स्विच बंद केला, दोन्ही दारे उघडी केली, समोर टेबलफॅन लावला आणि स्टुलावर बसले. अर्ध्या तासाने मी विचारले, काम कधी सुरू करणार. ते म्हणाले, सुरूच आहे. गरम पाणी ओतू का विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा विचारले नाही.

"बरफ फोडाचा नसते जी. त्याले जाऊ द्याचा असते," ते म्हणाले. "त्याच्या मागं नळी आहे. नळीत गॅस आहे. तुमाले बरफ दिसते, मले नळी दिसते."

बर्फ जायला चार तास लागले. तेवढा वेळ त्यांनी मला शिकवण्यात घालवला, न विचारता. बटण पुढे नेल्याने पेटी लवकर थंड होत नाही. ती फक्त थांबत नाही. थांबली नाही की कॉइलवर गोठलेले दव वितळायला सवड मिळत नाही, त्याचा बर्फ होतो, बर्फाने हवा अडते. मग पेटीत एकीकडे पिंप गोठते आणि दुसरीकडे कोमट राहते. त्यांनी पाण्याने भरलेला ग्लास पिंपांच्या मध्ये ठेवला, त्यात थर्मामीटर सोडला आणि सांगितले की बटणावरचा आकडा नाही, हा आकडा पाहायचा. तीनच्या आसपास असला की हात लावायचा नाही. दाराचे रबर तपासायला त्यांनी कागद मागितला. मी माझ्या बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा जुना अंक दिला. त्याची पट्टी दारात धरून त्यांनी दार लावले आणि पट्टी ओढली. ती सहज निघून आली. रबर गेले होते आणि बाहेरची दमट हवा आत शिरत होती. "तुमचा पेपर कामी आला साहेब," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांना किळस बिअरची नव्हती. बिअरच्या पेटीत लोक काय ठेवतात त्याची होती. कंपनीने चिलर फक्त पिंपांसाठी दिला होता. आमच्यात मासळी होती, तीन दिवसांचे पनीर होते, वेटरांचे डबे होते, कापलेल्या कांद्याचे भगुणे होते आणि बारच्या मालकाने, म्हणजे शेठनी, घरच्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेले मटण होते. त्याचे रक्त पिशवीतून ठिबकून तळाच्या नळीत गोठले होते. पाणी जायची ती नळी बोटभर जाडीची. मिस्त्रींनी तारेने तिच्यातून बाहेर काढले ते असे: झुरळांची टरफले, माशाचे खवले, कोथिंबिरीचा काळा लगदा आणि चिकट बिअरची साय. ते सगळे त्यांनी कागदावर घेतले आणि काउंटरवर, गिऱ्हाइकांना दिसेल असे ठेवले. मी उचलायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. पिणाऱ्याले पाहू द्या." दोन गिऱ्हाइके उठून गेली. बाकीच्यांनी पाहिले आणि पुढचा ग्लास मागवला. त्या दिवशी मला कशाची जास्त घृणा आली, ते अजून ठरवता आलेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चिलर पुन्हा गोठला. रबर बदललेले नव्हते आणि मासळी परत आली होती. शेठना आपली पिशवी हवी होती. ती कॉइलला चिकटली होती. मिस्त्रींना बोलावतो म्हणून मी सांगितले, पण शेठनी स्वयंपाकघरातून सुरी आणून स्वतःच बर्फ खोदला. फुस्स असा आवाज आला आणि आतले सगळे क्षणात पांढरे झाले. मासळीची पिशवी मात्र निघाली.

मिस्त्रींनी भोक पाहिले. कॉइल बदलावी लागेल, ती नागपूरहून येईल, चार दिवस लागतील, असे सांगितले. लग्नसराई होती आणि शेठना चार दिवस चालणार नव्हते. शहरात एक जण होता, तो भोकावर लुकण, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, लावून स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरून देत असे. थंडावा येतो, दिवसात काम होते. तसेच करा, असे शेठ मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी नाही म्हटले आणि कारणही सांगितले. लुकण टिकणार नाही. गॅस बंद पेटीत साठत जाईल. आतले बटण चालू-बंद होताना ठिणगी पडते. आणि पेटीपासून दोन हातांवर पापड तळायची शेगडी आहे, तिथे दुर्पताबाई बसते.

दुर्पताबाई ग्लास धुणारी. सकाळी दहापासून त्या कोपऱ्यात, पाण्यात हात घालून. शेठनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"मिस्त्री, आप मशीन देखो," ते म्हणाले. "बाई को हम देख लेंगे."

मिस्त्रींनी आपली पत्र्याची पेटी उचलली आणि गेले. संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस आला, त्याने लुकण लावले, सिलिंडर जोडला, गॅस भरला. कोपऱ्यात उजेड कमी होता. टॉर्च मी धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मिस्त्री न बोलावता आले. हातात साबणाच्या पाण्याची बाटली होती. वास त्यांना दारातच आला असावा. आम्हाला तो दोन दिवस येत होता आणि शेगडीचा आहे असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्यांनी दुर्पताबाईला शेगडी बंद करून अंगणात जायला सांगितले. बाहेरच्या खांबावरचा मुख्य स्विच पाडला. मग चिलरचे दार उघडून लुकणावर साबणाचे पाणी टाकले. मी पाहिले. फुगे एकामागून एक येत होते, मोठे, सावकाश. या वेळी "छ्या" आले नाही. दारे-खिडक्या उघडून ते अर्धा तास अंगणात उभे राहिले. नंतर मागच्या दारातून चिलरची मशीन अंगणात ओढून पक्कडीने तिची तांब्याची नळी तोडली आणि उरलेला गॅस उघड्यावर जाऊ दिला. आता त्या चिलरमध्ये कोणी काही भरू शकणार नव्हते.

सगळ्यात आधी त्यांच्यावर चिडली ती दुर्पताबाई. बार बंद म्हणजे तिचा दिवस गेला.

"तुमाले कोनं सांगतलं होतं जी?" ती म्हणाली. "माहा जीव आहे, मी पाहीन. तुमी काऊन मधात येता?"

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी शेठना सांगितले होते तेच तिला सांगितले, मला चिलर शिकवला होता तितक्याच सावकाश. तिने पदराने हात पुसले. पटले की नाही ते कळले नाही. पण ती घरी गेली.

शेठ दुपारी आले. या रस्त्यावर एकही बार तुला दारात उभा करणार नाही, हे त्यांनी मिस्त्रींना हिंदीत सांगितले आणि ते खरे करून दाखवले. मग मला बोलावले. मशीनची जाणूनबुजून नासधूस, अशी पोलिसांत तक्रार द्यायची होती आणि मला चांगले लिहिता येते हे त्यांना ठाऊक होते. मी लिहिली. वीस वर्षे बातम्या लिहिल्या होत्या. एका पानात बसवली. वेळ बरोबर, नळी बरोबर, पक्कडीचा उल्लेख बरोबर. एकही वाक्य खोटे नव्हते. गॅस कुठला होता ते लिहिले नाही.

नागपूरहून कॉइल आली, योग्य गॅस भरला गेला. शेठना दुसरा मार्गच उरला नव्हता. दुर्पताबाई पुन्हा त्या कोपऱ्यात बसू लागली. त्याच आठवड्यात ठाण्यात मिस्त्रींना बोलावले आणि बारच्या वतीने मी गेलो. हवालदाराने समजूत घातली: पुन्हा त्या जागेत पाऊल टाकणार नाही असे लिहून द्या, प्रकरण इथेच मिटेल. मिस्त्रींनी आधी तक्रार वाचायला मागितली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली, ओळीखाली बोट सरकवत.

"साहेब, लिहिलं चांगलं आहे," ते मला म्हणाले. "पण यात बाई कुठं आहे?"

हवालदाराने विचारले, कोण बाई. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मी बोलेन म्हणून थोडे थांबले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मजकुराखाली चार ओळींची जागा कोरी राहिली होती. हवालदाराने तिथे हमीची एक ओळ लिहून पेन दिले, आणि उरलेल्या जागेत मिस्त्रींनी सही केली.