दुरुस्त आहे, बंद नाही

"दुरुस्त झालंय म्हणजे झालंय! मी बंद केलेली तक्रार तू परत उघडलीसच कशी?" लेक तरातरा शिवणाच्या खोलीत आली.

"तू बंद केलीस तशीच. एक बटण दाबून." आईने तोंडातली टाचणी काढून सांगितलं.

"चेष्टा नकोय, आई. आज दुरुस्ती करणाऱ्यांची यादी पक्की होतेय आणि बंद झालेल्या तक्रारीच तिच्यात धरतात. माझी पहिली दुरुस्ती आहे ही. नाव लागणार होतं माझं!"

आई पंचवीस वर्षं लोकांचे कपडे बेतत आली होती. मापं टाकली की कपड्याची आखणी छापून देणारा एक प्रोग्राम ती वापरायची. जगभरातली माणसं तो हौसेने मिळून लिहायची आणि कुणालाही फुकट द्यायची. चार वर्षांपूर्वी तिने त्यांच्याकडे तक्रार नोंदवली: कॉलर वाकडी येते. तीन दिवसांत शेरा पडला, 'दुरुस्त, बंद.' हिने हरखून प्रोग्राम नव्याने उतरवून घेतला, कापड कापलं, तर कॉलर वाकडी ती वाकडीच. दुरुस्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडेच पडून होती, लोकांच्या हाती जाणाऱ्या आवृत्तीत आलीच नव्हती. हिने कॉलरचा फोटो चिकटवून लिहिलं, "तुमचं काम संपलं असेल, माझं बिघडलंय." मंडळी वरमली. तेव्हापासून तक्रारी बंद करायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. तिचा नियम एकच: तक्रार करणाऱ्याच्या हातात दुरुस्ती पोचली, तो 'हो' म्हणाला, की बंद.

लेकीने सोडवलेली तक्रार दूर देशीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. मोठ्या मापाची बाही काखेत दाटते.

"शिवून बघ ना मग!"

"बघितलं." आईने खुंटीवरचा सदरा काढून कोपऱ्यात बसलेल्या बाबांच्या अंगावर चढवला. बाबांचं माप मोठंच. त्यांनी हात वर केले, मागे नेले. कुठे ओढ नाही, चुणी नाही. आईने शिवणीवरून बोट फिरवलं. इतकी बिनचूक गोलाई तिच्या हातूनही क्वचितच उतरली होती, आणि पोरीने ती नुसत्या आकड्यांतून काढली होती. तिचा ऊर भरून आला. चेहऱ्यावर मात्र तिने काही दिसू दिलं नाही.

"बघ! आता?"

"आता काय? आपल्या घरात बाही नीट बसली. त्याच्या दुकानात जुनीच आवृत्ती आहे. तो आज 'बंद' वाचेल, कापड कापेल आणि तुझ्या नावाने बोटं मोडेल. यादीत तेच नाव हवंय का तुला?"

लेकीने सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं.

"आणि हे भांडण कधी बंद व्हायचं?" बाबा सदऱ्यातूनच म्हणाले. "त्यालाही परदेशातून होकार लागतो का?"

लेकीला हसू फुटलं, ते तिने दाबलं. आईने लॅपटॉप ओढून तक्रारीखाली लिहिलं, 'दुरुस्त. माझ्या मुलीने केलं. शिवून पाहिलं, उत्तम.' मधले तीन शब्द तिने एकदा खोडले आणि परत लिहिले.

मग दोघांकडे वळून तिने सांगून टाकलं, "नवी आवृत्ती सोमवारी निघेल. शिंपीदादा हो म्हणाले की तक्रार बंद. नाव पुढच्या यादीत लागेल."