कंट्रोल-दोन आणि तात्यांची ओळ

माऊसवर माझा राग आहे आणि तो जुना आहे. कोल्हापुरात कोर्टाजवळच्या एका दुकानात मी बरीच वर्षं अर्ज, बायोडाटा आणि लग्नपत्रिका टाइप केल्या. अर्जाचं एक बरं असतं, एकदा झाला की झाला. पत्रिकेत मात्र छापायला जाईपर्यंत नावं वरखाली होतात. गिऱ्हाईक खुर्चीमागं उभं राहून हुकूम सोडतं, "मामांची वळ एक वर घ्या. न्हाय न्हाय, आत्याच्या मालकांच्या खाली. ते लगीच रुसत्यात." दर वेळी माऊसनं ओळ धरायची, ती निम्मीच धरली जायची, आणि मामा वर जाऊन आडनाव खालीच राहायचं.

शेवटी वैतागून मी माझे स्वतःचे शॉर्टकट बनवले. कंट्रोल आणि एक दाबलं की शब्द सिलेक्ट. कंट्रोल आणि दोन दाबलं की अख्खी ओळ. तीन दाबलं की तिथून शेवटपर्यंत सगळं. मग काय विचारता! मामा, काका, माजी सरपंच, सगळे बघता बघता जागा बदलायला लागले. स्क्रीनकडं बघायचीसुद्धा गरज उरली नाही. मला माज चढला, हे कबूल करते.

दुकानाच्या मालकीणबाईंना आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांना हे प्रकरण अजिबात मंजूर नव्हतं. त्यांच्या मशीनवर कंट्रोल-दोन आपलं मूळचं काम करायचं, म्हणजे ओळीचं अंतर दुप्पट करायचं. एकदा त्या माझ्या मशीनवर बसल्या, एका अर्जातलं अंतर वाढवायला कंट्रोल-दोन दाबलं आणि तशाच पुढं टाइप करत सुटल्या. अर्जदाराच्या नावाची ओळ गायब. "तुझ्या मशीनला कायतरी लागीर झालंय," त्या म्हणाल्या. मी पोट धरून हसले.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न ठरलं.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. आबा, म्हणजे माझे वडील, आणि वेगळं घर केलेले त्यांचे थोरले भाऊ तात्या यांच्यात दोन वर्षं अबोला होता. कारण काय, तर डेअरीत सकाळी दूध घालायच्या रांगेत आबांच्या दुधाला फॅट कमी लागलं आणि तात्या सगळ्या गावासमोर म्हणाले, "म्हशीला नावं ठिऊ नगा, पाणी कुणी घाटलंय ते बघा." आबांनी तिथंच किटली उचलली आणि त्यानंतर तात्यांचं तोंड बघितलं नाही.

मला तात्या लग्नात हवे होते. मला सायकल त्यांनीच शिकवली होती, सीट धरून अख्ख्या शिवारातनं पळत. पण आबांनी बजावलं, "पत्रिकेत त्येचं नाव दिसाय नको मला." मी भांडले, रडले, जेवले नाही. आबा हलले नाहीत.

पत्रिका अर्थात मीच करणार होते. थोरल्या बहिणीच्या लग्नाची फाइल होतीच, तिच्यात फेरफार करायचा. 'आपले विनीत' खाली पहिलंच नाव तात्यांचं. माझं मशीन नेमकं दुरुस्तीला गेलेलं, म्हणून वहिनींच्या मशीनवर बसले. तात्यांच्या नावापुढं क्लिक केलं, मन घट्ट केलं, कंट्रोल-दोन दाबलं, डिलीट दाबलं, आणि ते नाव जाताना बघायला नको म्हणून मान खाली घालून आबांनी दिलेली नावांची यादी वाचत बसले.

त्या नावाची मोकळी जागा बघवेना म्हणून प्रूफ न वाचताच आबांना दाखवलं. चष्मा न लावताच त्यांनी विचारलं, "आपल्या गावाचं नाव बरूबर हाय न्हवं?" मी हो म्हणाले. पत्रिका छापायला गेली.

गठ्ठे आले तेव्हा मला दिसलं. वहिनींच्या मशीनवर माझा शॉर्टकट नव्हताच, त्यामुळं ओळ सिलेक्ट झालीच नव्हती. डिलीटनं नावापुढची एक रिकामी स्पेस तेवढी खाल्ली होती आणि ओळीचं अंतर मात्र दुप्पट झालं होतं. बाकीचे विनीत एकमेकांना खेटून उभे, आणि तात्या एकटे वर ऐसपैस. आबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गठ्ठा गुपचूप वाटायला मामाच्या हातात दिला, आणि मामानं छापलेलं नाव बघून तात्यांच्या घरीही पत्रिका दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या दारात. हातात पत्रिका. आबा अंगणात म्हशीला वैरण घालत होते, ते तसेच पेंढी धरून उभे राहिले. मी दाराआड उभी होते.

"सगळी नावं कोंबल्यात," तात्या म्हणाले, "आन माझं एकट्याचं मोकळं सोडलंय. एवढा मान कशापायी रं?" मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोलाय नको हुतं."

आबांनी पत्रिका घेतली. चष्मा लावला. वाचली. एकदा माझ्याकडं बघितलं. मग आईला हाक मारली, "च्या ठेव. दादाला दूध जास्ती घाल."

तात्या गेल्यावर आबा आत आले. "तुला नाव काढाय सांगटलं हुतं की."

"बटण चुकलं, आबा."

 पत्रिका देव्हाऱ्यात ठेवत आबा म्हणाले, "धाकटीच्या पत्रिकेलाबी त्येच बटण दाब."