जावयाच्या पगारातली कपात

माझा दादा दिवसातून निदान एकदा तरी दाभण्याला कामावरून काढून टाकायचा. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" ही आरोळी कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायची, आणि दाभण्या मान खाली घालून टाके घालत राहायचा. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधी तो दारात हजर. कधी चुकून उशीर झालाच, तर दादाचे डोळे रस्त्याला लागायचे आणि मला हळूच विचारायचा, "आजारी-बिजारी तर नाही ना गं पडला?" असा हा माझा थोरला भाऊ. राग नाकावर आणि बाकी सगळी नुसती माया.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबलचक खोली. जुने सोफे आणि खुर्च्या येतात, आम्ही त्यांचं फाटकं कापड उतरवतो, स्प्रिंगा घट्ट करतो, नवा काथ्या आणि फोम भरून नवं कापड चढवतो. खिळे ठोकणारे दोघं, कापड कापणारी एक बाई, दाभण्या आणि दादा. पुढच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मी. बिलं लिहिणं, पगार करणं आणि दादाला आवरणं ही माझी कामं. त्यातल्या तिसऱ्या कामाचा पगार मला अजून मिळालेला नाही.

दाभण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. उंच, काटकुळा, आणि हातात सदैव दाभण, म्हणून दाभण्या. सोफ्याच्या कडेला त्याने घातलेला टाका शोधून सापडत नाही. दादाने त्याला हाताखाली घेऊन तयार केला आणि मग एकुलती एक लेक दिली. पुढे कोर्टात त्यांची फारकत झाली, तरी दाभण्या आपला आमच्याच खोलीत टाके घालत बसलेला. लग्नाआधी तो दादाला 'मालक' म्हणायचा, लग्नानंतर 'बाबा' म्हणू लागला आणि फारकतीनंतर पुन्हा 'मालक'. म्हणजे तसा प्रयत्न तरी करायचा.

लग्न का मोडलं तेही सांगते. दाभण्याला ना दारू, ना जुगार. पण पैशाच्या बाबतीत तो धडधडीत खोटं बोलायचा. पगार मित्रांना उसना देऊन टाकायचा आणि घरी सांगायचा, पगार झालाच नाही. मग दादाकडे उचल मागायचा आणि आमचा भोळा सांब लेकीला कळू न देता ती द्यायचा. हे सगळं भाचीला कळलं तेव्हा तिने नवऱ्याला तर सोडलंच, पण बापालाही सोडलं नाही. "तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. यापुढे मला तुमचा एक पैसा नको, बाबा." तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि चिंगीला घेऊन भाड्याच्या घरात राहायला गेली. चिंगी म्हणजे दादाची नात. रविवारी ती आमच्याकडे यायची. आणायला मी, सोडायलाही मीच. दादाला त्या घरी कुणी बोलावलं नव्हतं आणि न बोलावता जायची त्याची छाती नव्हती.

अशात एक दिवस कोर्टाचा हुकूम आला. मुलीच्या पोटगीसाठी दाभण्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मालकाने दर पगाराला कापून कोर्टात भरायचा, तिथून तो आईला मिळणार. नोकराने काम सोडलं तर मालकाने लगेच कळवायचं. आणि या कपातीच्या कारणावरून त्याला कामावरून काढायचं नाही. दादाने मला तो कागद पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे मी माझ्या जावयाचा पगार कापून माझ्याच लेकीला पाठवायचा?"

"हो."

"आणि याला मी काढूही शकत नाही?"

"या कारणावरून नाही."

"मग दुसरं कारण शोधतो," दादा म्हणाला आणि दोरा वाया घालवतो म्हणून दाभण्यावर ओरडायला निघून गेला.

ही मागणी भाचीनेच कोर्टात केली होती. कुणाच्या शब्दावर विसंबायला नको आणि कुणाकडे हात पसरायला नको. मला तर तिचं कौतुकच वाटलं. दाभण्यानेही कुरकुर केली नाही. पहिल्या कपातीनंतर पाकीट हातात घेऊन एवढंच म्हणाला, "तिला वेळेवर मिळतील ना, आत्या? मग झालं." आणि खरं सांगते, माणूस सुधारला. दर महिन्याला स्वतःहून भाचीला फोन करून पगाराचा आकडा सांगायला लागला. शेवटी भाचीचंही मन थोडं पाघळलं. ती म्हणाली, "शाळेच्या सुट्टीपर्यंत असाच सरळ राहिलास, तर सुट्टीभर चिंगी तुझ्याकडे."

त्या दिवसापासून दाभण्याचे पाय जमिनीला लागेनात. राहत्या खोलीला रंग दिला. चिंगीसाठी छोटी गादी शिवायला घेतली आणि तिला पिवळं शोभेल की निळं, हे विचारून विचारून कापड कापणाऱ्या बाईचं डोकं उठवलं.

सुट्टी तोंडावर आली होती. मी दोरा आणायला गेले होते. परत येते तो आत भाचीचा आवाज. हातात कोर्टाकडून आलेला कागद, समोर दाभण्या.

"पगाराचा चौथा हिस्सा ना? मग गेले काही महिने जास्त कसे येतायत? पगार वाढलाय आणि मला तू कमी आकडा सांगतोयस."

"खरंच कमी झालाय गं. शपथ घेऊन—"

"तुझ्या शपथा खूप ऐकल्या. बाबा, तुम्ही सांगा. याचा पगार वाढवलात का?"

दादा एका उलट्या सोफ्यात कमरेपर्यंत शिरला होता. आतून आवाज आला, "बघून सांगावं लागेल." ज्याला प्रत्येकाचा पगार तोंडपाठ, तो म्हणतो बघून सांगतो!

"म्हणजे पुन्हा दोघं सामील," भाची म्हणाली. दाभण्याला म्हणाली, "सुट्टीचं विसर." आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून निघून गेली.

दाभण्या बसल्या जागी बसून राहिला. मी त्याला पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं. मी मात्र पगार स्वतः करते, त्यामुळे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आकडा लिहून द्यायची, पण कोर्टाच्या खात्यात पैसे भरायला बँकेत जायचं काम दादा दुसऱ्या कुणाला देत नसे.

"बाहेर ये," मी सोफ्याला म्हटलं.

दादा बाहेर आला. केसांत काथ्या, चेहरा चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखा. मी त्याला मागच्या बोळात नेलं.

"काम कमी आलं, पगार कमी झाला, म्हणजे तिचा हिस्सापण कमी," तो पुटपुटला. "चिंगीचे बूट बघितलेस? अंगठा रुततो पोरीचा. मी घेतले तर तिची आई घालू देईल? म्हटलं, त्यातच थोडे आपले घालावेत. कोर्टातून गेले तर कुणाचे पैसे हे कुणाला कळतंय?"

"कळलं ना आता? अरे, ज्या लपवाछपवीपायी पोरीचा संसार मोडला, तीच पुन्हा केलीस!"

"ओरडू नकोस."

"मी ओरडणार. सांग तिला जाऊन."

"सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. चिंगीचं रविवारचं येणंही बंद करेल."

"आणि नाही सांगितलंस, तर त्या बिचाऱ्याची सुट्टी गेली."

पळवाट मात्र दादाकडे नेहमीच असते. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो कोर्टात गेला. परस्पर दुरुस्ती झाली तर लेकीला काही सांगायलाच नको, असा त्याचा हिशेब. खिडकीमागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं, आणि कसं बघितलं ते त्यालाच ठाऊक.

"माझी," तो म्हणाला.

"हे बघा काका, हुकमात असेल तेवढंच कापायचं, तेवढंच भरायचं. कमी नाही, जास्त नाही. माया करायला आमच्या कागदावर रकाना नाही."

"मग ते जास्तीचे?"

"ते परत मिळणार नाहीत. तुमच्या माणसाने आगाऊ भरले असं धरलं जाईल. या महिन्यात त्याची कपात करू नका, हिशेब जुळेल."

म्हणजे आजोबांनी नातीला दिलेले पैसे जावयाच्या खिशात! दादाचा चेहरा बघून मला जिन्यात कठडा धरून हसावं लागलं. तो मात्र हसला नाही. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "पगाराच्या दिवशी तिला बोलाव. मीच सांगतो."

भाची आली. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवेना. दादाने घसा खाकरला आणि फोम किती महागलाय ते सांगितलं. मग पुन्हा घसा खाकरला आणि काथ्याही महागल्याचं सांगितलं. तेवढ्यात मी दिलेलं पाकीट उघडून दाभण्या माझ्या टेबलाशी परत आला.

"आत्या, कापले नाहीत."

"या महिन्यात कापायचे नाहीत. कोर्टाने सांगितलंय."

"कोर्टाला काय कळतं? चिंगी या महिन्यात जेवणार नाही का?" आणि जन्मात पहिल्यांदा तो दादावर ओरडला. "मालक, कापा!"

"नाही कापणार!"

"माझा पगार आहे, माझी मुलगी आहे, कापा म्हणतो ना!"

"अरे, भरलेत तुझे! मी भरलेत!" दादाही ओरडला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. ठोकाठोकी थांबली होती. तो लेकीकडे वळला. "जास्तीचे मी घालत होतो, पोरी. त्याने तुला खोटं सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी सोफ्यात तोंड लपवून बसलो. घाबरलो मी तुला."

दाभण्याच्या डोक्यात हे सगळं शिरायला थोडा वेळ लागला. मग त्याने पाकिटातून चौथा हिस्सा मोजून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"या महिन्याचे मिळालेत मला," ती म्हणाली. "कोर्टाच्या हिशेबात आलेत."

"ते बाबांचे. हे माझे."

फारकतीनंतर तिने त्याच्या हातून काहीही घेतलं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली. पैसे घेतले आणि आमच्या सगळ्यांदेखत एकेक नोट मोजली.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "शाळा शुक्रवारी सुटते. तूच ये न्यायला."

दाभण्या हाताला लागलेल्या कापडाने डोळे पुसायला लागला. ते गिऱ्हाइकाचं नवं कोरं कापड होतं, पण मी त्या दिवशी काही बोलले नाही.

"आणि बाबा."

दादा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा उभा होता.

"पुन्हा असं लपवून काही केलंत ना—"

"नाही करणार."

"नातीला द्यायचं तर कोर्टातून कशाला देता? घरी या. माझ्यासमोर द्या."

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणारा माझा भाऊ, पण तो नुसता सदऱ्यावरचा काथ्या झटकायला लागला. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. मग तो हळूच म्हणाला, "कितवा मजला?"

"तिसरा. लिफ्ट नाहीये."

"चढतो की," दादा म्हणाला.